मालक शीटवर पाहिजे

कचरूमामा मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करायला आले, की पिशवीतून पाना काढायच्या आधी मालकाला ट्रॅक्टरवर चढवतात. मालकाने शीटवर बसायचं, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे आणि खाली काम करणाऱ्या मामांकडे बघत काम संपेपर्यंत तसंच राहायचं. मालक कितीही मोठा असो. एका माजी सभापतींना त्यांनी म्हणे भर उन्हात चार तास असं बसवलं होतं. फोन आला म्हणून सभापती मध्येच उतरले, तर मामांनी पाने पिशवीत टाकले आणि घरचा रस्ता धरला. "मालक शीटवर पाह्यजे," एवढंच त्यांचं म्हणणं. "म्हस दवाखान्यात नेली तर कासरा कोन धरतं? मालकच ना?"

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी निदान टोपी घेऊन गेले असते. मे महिन्यात या माणसापायी मी जागचा न हलणारा ट्रॅक्टर तीन दिवस चालवला.

मी हर्सूलच्या एका शाळेत गणित शिकवते. नवरा वाळूजला कंपनीत आहे. त्याची शिफ्ट आणि माझी शाळा यांची गाठ रविवारी पडते. खुलताबादच्या अलीकडे आमची तीन एकर जमीन आहे आणि तिथे सासऱ्यांच्या वेळचा ट्रॅक्टर आहे. यंदा त्या रानात अद्रक लावायची, ही कल्पना सर्वस्वी माझी. गावात ती ऐकून लोक हसले. नवरा हसला नाही, कारण त्याला माझ्याबरोबर राहायचं आहे. सुट्ट्या लागल्या तशी मी गावी जाऊन बसले, बेणं आणलं, आंब्याच्या सावलीत ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवलं. बेण्याला कोंब फुटायला लागले आणि मग लक्षात आलं, की आपला ट्रॅक्टर या कामाचा नाही.

अद्रक लावतात बेडवर, म्हणजे मातीच्या लांबलचक उंच गादीवर. ट्रॅक्टरची चाकं बेडच्या दोन्ही बाजूंच्या सरीतून गेली पाहिजेत. आमची मागची चाकं बरोबर सरीत जायची आणि पुढची, वीतभर आत असल्यामुळे, बेडवर चढून तो तुडवायची. यावर उपाय असतो. पुढचा एक्सल म्हणजे मधे एक जाड नळी आणि तिच्या दोन्ही तोंडांतून आत गेलेले दोन दांडे. दांडे हवे तेवढे बाहेर ओढायचे, भोकात बोल्ट घालायचा, झालं. सायकलची शीट वरखाली करतो ना, तसंच. फक्त आमचा ट्रॅक्टर घरात आल्यापासून ते दांडे कुणी ओढलेच नव्हते. गंजाने नळी आणि दांडे एकजीव झाले होते. नळी मधोमध ज्या पिनेवर डोलायची ती पिनही आखडली होती, त्यामुळे खड्डा आला की सगळा ट्रॅक्टर कंबर धरलेल्या माणसासारखा वाकडा व्हायचा.

आमच्या बांधाला बांध असलेला रामदास वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याने एक्सलला एक लाथ मारून निदान केलं. "वहिनी, हे हलत नसतंय. गॅसनं कापून टाकू अन् नवा बसवू." या मॉडेलचा नवा एक्सल कुठे मिळेल, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. मी शहरात चार ठिकाणी विचारलं. एकाने तीन आठवडे सांगितले, बाकीच्यांनी भंगारवाल्याचा पत्ता. भाड्याचे ट्रॅक्टर सगळ्यांचे आधीच ठरलेले. बेणं आणखी आठ दिवस तग धरेल, पुढे नाही, असं ते विकणाऱ्यानेच सांगितलं होतं. मला अद्रकीपेक्षाही पुढच्या वर्षभराच्या टोमण्यांची धास्ती होती, हे खरं सांगून टाकते.

तेव्हा कुणीतरी कचरूमामांचं नाव घेतलं. फोन करू नका, असंही सांगितलं. मामांकडे फोन आहे, तो खिशात असतो, चार्ज केलेला असतो, पण ते उचलत नाहीत. "फोनवर ट्रॅक्टर खोटं बोलतो," हे त्याचं कारण. म्हणून मी खुलताबादला वेशीजवळच्या त्यांच्या घरी जाऊन उभी राहिले. पासष्टीच्या पुढचा, काटकुळा, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस ओट्यावर बसून चहा पीत होता. मी आमची सगळी कर्मकहाणी सांगितली. मी बोलत असताना त्यांनी माझ्या तोंडावरची नजर एकदाही हटवली नाही. माझ्या वर्गातलं एक पोर जरी असं बघत असतं, तर आमच्या शाळेचा निकाल वेगळा लागला असता. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कप पालथा घातला आणि म्हणाले, "दावा."

ट्रॅक्टर दाखवला. त्याच्याभोवती एक फेरी मारून मामांनी शीटकडे बोट केलं. "चढा म्याडम."

मग त्यांनी जमिनीवर एक पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले. हातात पाना देऊन मदत करण्याची सोय नाही. मी एकदा खाली वाकून एक उचलून दिला, तर त्यांनी तो परत जागेवर ठेवला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा उचलला. तोंड मात्र अखंड चालू. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं घणाखाली काढली होती आणि त्यांच्या सगळ्या गोष्टी त्या घणाशी येऊन संपत. "घण म्हंजे तुमी म्हंता तो हातातला नाय. घराएवढा. खाली आला की जमीन तीनदा हालायची. येकदा काय झालं..." हे एकदा काय झालं संपायच्या आत दुसरं एकदा काय झालं सुरू व्हायचं. मधे श्वास घ्यायलासुद्धा फट नाही. रामदास दोनदा काही विचारायला म्हणून आला आणि तोंड उघडं ठेवून परत गेला. "काय माणूस आहे," तो मला म्हणाला. "सवाल बी हाच करतो अन् जबाब बी हाच देतो."

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं? तारेच्या ब्रशने गंज घासला. डिझेलमध्ये जुनं ऑइल कालवून नळीच्या तोंडांत थेंब थेंब सोडलं. पोत्याच्या चिंध्या त्यात भिजवून दांड्यांना गुंडाळल्या. आणि मग डावा तळवा नळीवर ठेवून, डोळे मिटून, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने नुसतं टुकटुक, टुकटुक. दिवसभर. "ठोकायचं नाय," ते म्हणाले. "ठोकलं की लोखंड आंग धरतं. सबूर पाह्यजे." मला हे नाटक वाटलं. वैद्य नाडी बघताना करतात तसं.

मी वेळ जावा म्हणून चाचणीचे पेपर बरोबर नेले होते. पहिला पेपर मांडीवर उघडला तोच खालून हुकूम आला. "तोंड वर!" मी दचकून पेपर मिटला. पाच मिनिटांनी चोरून मोबाइल बघितला. "म्याडम, तोंड वर!" वीस वर्षं मी मुलांना ओरडून हेच सांगते आहे. मुलांना किती राग येत असेल ते त्या दिवशी समजलं. रस्त्याने शेळ्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबून माझ्याकडे बघायच्या. "म्याडम, घाट चढला का अजून?" एकीने विचारलं. मी म्हटलं, गर्दी लई आहे. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं, की आज मी दहा तास ट्रॅक्टरवर बसून काहीही केलं नाही. तो म्हणाला, सरकारी नोकरी आहे तुझी, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामदास पिकअपमध्ये गॅसची नळकांडी घालून आला आणि बांधावर गाडी लावून नळ्या जोडायला लागला. मामांचं फसलं की लगेच कापायला तयार. मामांनी तिकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्यांनी एक्सलखाली लाकडी ओंडके रचले, नळीची खाच आणि डाव्या चाकाची आतली बाजू यांच्यामध्ये जॅक आडवा बसवला आणि मला नीट समजावलं. दांडा सुटला की पहिल्यांदा स्टेअरिंगला गचका बसणार. चाकापासून स्टेअरिंगकडे जाणारा एक रॉड असतो; दांडा सरकला की तो रॉड ओढला जातो. गचका बसताक्षणी जॅक थांबवून तो रॉड मोकळा करायचा. नाहीतर रॉड वाकणार. आणि रॉड आधीच मोकळा केला, तर गचका शीटवर कळणार नाही.

"गचका बसला की हात वर करा. तोंडानं काय सांगू नका. हात."

"बरं मामा."

"काय करनार?"

"हात वर."

"हां."

त्यांनी जॅक फिरवायला सुरुवात केली, अधूनमधून तळवा नळीवर, टुकटुक, पुन्हा जॅक. मान खाली, घणाची गोष्ट चालू. अकराच्या सुमाराला कडकन आवाज झाला आणि स्टेअरिंगने माझे दोन्ही हात असे पिरगाळले, की मी ते सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट धरले. आणि आनंदाने ओरडले. "हललं! मामा, हललं!"

मामा जॅक फिरवत राहिले.

"मामा, थांबा! थांबा ना!"

घणाची गोष्ट त्याच सुरात चालू होती. त्यात कोणीतरी साहेब आला होता आणि त्याची टोपी उडाली होती. मी घसा फाडून ओरडत होते, स्टेअरिंग माझ्या हातात फिरत होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रॉड हळूहळू वाकत होता. मी उडी मारून खाली आले आणि त्यांचा खांदा धरला.

ते केवढ्याने दचकले. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग रॉडकडे. जॅकवरचा हात काढला.

"ऐकलं व्हतं," मग म्हणाले. "बगत व्हतो किती सोसतंय."

अर्धा टन लोखंडाखाली एक माणूस दोन दिवस बसला होता, मी वर बसून त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फोन का नाही, मालक शीटवर का, तोंड वर का, दुसऱ्याला बोलायला फट का नाही, सगळं एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. गणिताच्या बाईला हे उदाहरण सोडवायला दोन दिवस लागले, याची लाज वाटली.

तेवढ्यात बांधावरून रामदास धावत आला. "काय झालं? रॉड कुणी वाकवला?"

मामा माझ्याकडे बघत होते. माझ्या ओठांकडे. आता मी काय बोलणार त्यावर त्यांचं पुढचं सगळं होतं. ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीच्या हातात इंजिन कोण देतं? आणि माझं बेणं पोत्याखाली कोंब काढून बसलं होतं.

"मी वाकवला," मी रामदासकडे वळून म्हटलं. "हात वर करायला सांगितलं होतं. मी स्टेअरिंगला लोंबकळत बसले."

रामदास पोटभर हसला. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याच्यानं होत नाय वाटतं. कापू का?"

मी खाली वाकून दांडा बघितला. इतकी वर्षं न हललेला दांडा बोटभर बाहेर आला होता. नवीन उघडी पडलेली जागा ओली आणि काळी होती. आपण घरात येऊन एवढी वर्षं झाली, पण हा भाग आज पहिल्यांदा बघतोय, असं काहीतरी मला वाटलं. "नको," मी म्हटलं. "मामाच करतील. तू एवढा रॉड सरळ करून आण." तो रॉड घेऊन गेला. नवऱ्याचा फोन आला. त्यालाही तेच सांगितलं.

मग मी थर्मासमधला चहा ओतला. मामा पहिल्यांदाच गप्प बसले होते. चहा निम्मा झाल्यावर त्यांनी विचारलं, "रामदासला काय सांगितलं?"

मी बोलायला लागले आणि थांबले. एक्सलच्या भोकांवर खुणा करायला त्यांनी आणलेला खडू धोतरावर पडला होता. तो उचलला आणि ट्रॅक्टरच्या विटलेल्या लाल मडगार्डवर, फळ्यावर लिहिते तशा मोठ्या अक्षरात लिहिलं : चूक माझी. मी हात वर केला नाही.

मामांनी एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचलं.

"ते तर खरंच हाय," म्हणाले. "चूक तुमचीच हाय."

मला हसू आवरेना. तेही हसले. आणि मग, मडगार्डकडे बघतच, घणाचीच पण वेगळी गोष्ट त्यांनी सांगितली. कान त्या घणाने नेले. आधी उजवा, मग डावा. घरच्यांना वाटतं थोडं कमी येतं. गिऱ्हाइकांना काहीच माहीत नाही. कानात यंत्र घातलेला मिस्त्री कोण बोलावतो? "मशीनचं काय नाय म्याडम. हात ठिवला की समदं कळतं. गंज कुठं सुटला, कुठं धरलाय, इंजिन कुठं कण्हतंय. मानसावर हात ठिवून कळत नाय ना." त्यांनी कप खाली ठेवला. "समोरचा बोलला की मी उघडा पडतो. म्हनून त्याला बोलूच देत नाय. सात वर्सं झाली, मी येकलाच बोलतोय. घरी बी."

मी त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.

(हे लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "लिव्हा. कळलं तर कळलं, काम दिसतंयच. फकस्त जॅक बरोबर लावला व्हता, तेवढं लिव्हा." जॅक बरोबर लावला होता.)

दुपारी रॉड परत येऊन बसला आणि त्यानंतर मी प्रत्येक गचक्याला असा हात वर केला, की माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी शोभले. डावा दांडा संध्याकाळपर्यंत सुटला, उजवा तिसऱ्या दिवशी सकाळी. दोन्हीकडे सारखी भोकं मोजून बोल्ट बसले. मधली पिन काढून, घासून, तिच्यात ग्रीस भरलं. आधी काळं बाहेर आलं, मग पिवळं. सरळ करून आणलेला रॉड नव्या मापाला लांब केला. शेवटी मामांनी एक काठी तोडली. ती दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्ये आधी मागच्या बाजूने धरली, मग पुढच्या बाजूने, आणि पुढचं अंतर बोटभर कमी होईपर्यंत रॉड फिरवत राहिले.

मी मडगार्डवर लिहिलं : सरळ का नाही ठेवत?

"उभं असताना बोटभर आत," ते म्हणाले, "म्हंजे चालताना जोर बसून बरोबर सरळ व्हतात. उभं असतानाच सरळ ठिवले तर चालताना फाकतात." टेप नाही, आकडा नाही. मी दोन्ही बाजूंनी टेप लावून बघितला, फरक बरोबर बोटभर. कौतुक वाटलं म्हणून सांगते, मला एका काठीने कुणी इतकं चांगलं गणित शिकवलं नव्हतं.

दुपारी ट्रॅक्टर रानात गेला. रामदास चालवत होता, मामा बॉनेटवर तळवा ठेवून बरोबर चालत होते, मी मागे. चारी चाकं सरीत. बेड जसाच्या तसा. मी तिथे मातीत उभी राहून रडले, हे गावाने बघितलं आणि वर्षभर ऐकवणार आहे, ऐकवू दे. दोन दिवसांत सगळं बेणं जमिनीत गेलं. माझ्या अद्रकीचं पुढे काय व्हायचं ते होईल, पण ती मातीपर्यंत पोचली ती कचरूमामांमुळे. आयुष्यात थोड्या माणसांबद्दल मला असं मनापासून वाटलं आहे, की हे भेटले नसते तर आपण एका भंगारवाल्याचा पत्ता घेऊन घरी परतलो असतो.

आठवड्याने मामा बोल्ट तपासायला आले. न बोलावता. दहा मिनिटांत काम झालं. सगळे बोल्ट घट्ट होते. पाने धोतरात गुंडाळून पिशवीत गेले. मला वाटलं आता निघतील. पण त्यांनी पिशवी बांधावर ठेवली, मडगार्डसमोर सावलीत मांडी घातली आणि सदऱ्याच्या खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला.

"आज काम काय नाय," म्हणाले. "तुमी बोला."

काय बोलू, असं मी हातानेच विचारलं.

"काहीबी. तुमच्या शाळंतलं."

मी जरा विचार करून लिहिलं, की सातवीतल्या एका मुलीने चाचणीत गणिताखाली लिहून ठेवलं होतं : उत्तर येतं, पण आज सांगायची इच्छा नाही. आणि मी तिला एक गुण दिला.

त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचलं. मधे एकदा अडखळले, परत मागे गेले. मग खांदे हलवून असे हसले, की शेजारच्या रानातली माणसं वळून बघायला लागली. हसणं थांबल्यावर ते उठले, खांद्यावरच्या टॉवेलने मडगार्ड कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसलं आणि पुन्हा खाली बसले.

"फुडं?"